मनाचा वैद्य आणि घरचीं माणसें

हिंगणीहून बोर धरणाकडे जाणारा रस्ता आमच्या ओसरीवरून दिसतो. सुट्टीच्या दिवशीं धरण पाहावयास आणि पुढें व्याघ्रप्रकल्पांत वाघाचें दर्शन घडतें कीं काय तें पाहावयास जाणारीं माणसें या रस्त्यानें पुष्कळ जातात. परंतु दिवाळीनंतर एका सायंकाळीं जे वृद्ध गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन बसले, त्यांचें चित्त धरणांतही नव्हतें आणि वाघांतही नव्हतें. पाण्याचा तांब्या पुढें केला, तोही त्यांनीं तसाच बाजूस सारला. "तुम्ही दर महिन्याला मासिकांत संसारांतल्या गोष्टींविषयीं लिहितां," ते म्हणाले, "तेव्हां या गोष्टीचा निवाडा तुम्हींच करावा."

गोष्ट अशी होती. त्यांचें घर एकत्र कुटुंबाचें. एका पंक्तीस चौदा पानें मांडावीं लागतात. धाकट्या सुनेचें पहिलें बाळंतपण नीट पार पडलें. मूल सुखरूप, बाळंतीणही अंगानें बरी. परंतु दुसरा महिना लागला आणि तिची झोप उडाली, बोलणें आटलें. मुलाला पाजतां पाजतां ती भिंतीकडे पाहत राही. एके रात्रीं "मी या मुलाच्या योग्यतेची नाहीं" असें ती नवऱ्यापाशीं बोलली. घरच्यांनीं दृष्ट काढून पाहिली, चार दिवस माहेरीं पाठवून पाहिलें, आणि अखेर शहाणपणानें वर्ध्यास नेऊन मनोविकारतज्ज्ञांना दाखविलें. त्यांनीं औषध सुरू केलें, आणि त्याबरोबरच खासगी रीतीनें मानसोपचार करणाऱ्या एका बाईंकडे आठवड्यांतून एकदां जाण्यास सांगितलें.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. गृहस्थांची तक्रार होती ती या बाईंविषयीं. त्या सुनेला एकटीलाच आंत घेतात, सासूला दाराबाहेर बसवितात. पन्नास मिनिटें आंत काय बोलणें चालतें असें विचारलें तर "तें तुमच्या सूनबाईंनाच विचारा, त्यांना सांगावेंसें वाटलें तर त्या सांगतील" एवढेंच उत्तर मिळतें. दिवाळीच्या फराळाचा डबा नेला, तो त्यांनीं हात जोडून परत केला. नातवाच्या उष्टावणाचें आमंत्रण दिलें, तर तेंही गोड शब्दांत नाकारलें. "फी मात्र वेळच्या वेळीं घेतात," गृहस्थ म्हणाले. "आम्ही मुलीसारखी वागवितों त्या सुनेला. तिच्या मनांत काय आहे हें आम्हांला कळूं नये आणि एका परक्या बाईला कळावें, ही कोणती रीत?"

वाचकांपासून काय लपवावें? ऐकतां ऐकतां आमच्याही मनानें प्रथम त्यांचीच बाजू घेतली. आपल्या घरांत दुखणें एकाचें नसतें. एकाला ताप आला कीं दुसरा काढा उकळतो, तिसरा वैद्याकडे जातो, चौथा रात्रभर उशाशीं बसतो. अशा घराला "तुम्ही बाहेर थांबा" असें कोणीं म्हटलें तर तो अपमान वाटावा यांत नवल नाहीं. परंतु उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें, तोंच आमच्याच घरांतली एक जुनी गोष्ट आठवली आणि शब्द घशांतच राहिले. ती गोष्ट आम्हीं त्यांना सांगितली. आज वाचकांनाही सांगतों.

आमचा एक पुतण्या कॉलेजच्या पहिल्या वर्षीं नापास झाला आणि घुम्यासारखा वागूं लागला. आमच्या वडील बंधूंच्या ओळखीचे एक गृहस्थ शहरांत मानसोपचार करीत असत. त्यांचें व त्या शहराचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. ओळखीचा माणूस, तेव्हां फीही थोडी आणि आपलेपणाही अधिक, असा आम्हीं विचार केला. ते मुलाशीं खोलींत बसून बोलत, आणि रविवारीं आमच्याच पंक्तीला जेवत. जेवण झाल्यावर सुपारी कातरतां कातरतां बंधु विचारीत, "काय म्हणतो आमचा मुलगा?" आणि ते सांगत. मुलगा त्यांना म्हणाला होता, "बाबांच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला कीं माझ्या पोटांत गोळा येतो."

पुढें एके दिवशीं कांहीं क्षुल्लक कारणावरून बंधूंचा राग अनावर झाला, आणि भरल्या पंक्तींत ते मुलाला म्हणाले, "माझ्या पावलांचा आवाज ऐकून तुझ्या पोटांत गोळा येतो ना? मग जेवतोस कसा?" मुलानें हातांतला घांस ताटांत ठेविला. तो कांहीं बोलला नाहीं, रडला नाहीं. मात्र त्या दिवसानंतर तो त्या गृहस्थांकडे गेला नाहीं, दुसऱ्या कोणाकडेही गेला नाहीं. आज त्याला तिशी उलटून गेली आहे. तो दूरच्या शहरांत चांगल्या नोकरीवर आहे. दिवाळीला न चुकतां फोन करतो, आणि पाऊसपाण्याविषयीं बोलून फोन ठेवतो. चूक त्या उपचार करणाऱ्याची, हें खरेंच. परंतु विचारलें होतें आम्हीं. सुपारीच्या तबकाभोंवतीं आम्हीही बसलों होतों.

म्हणून या विषयाकडे जरा शांतपणें पाहूं. शस्त्रवैद्याचें हत्यार सुरी, औषधवैद्याचें हत्यार मात्रा. मानसोपचार करणाऱ्यापाशीं दोन माणसांमधील विश्वासावांचून दुसरें हत्यारच नसतें. जी गोष्ट आईला सांगवत नाहीं, नवऱ्याला सांगवत नाहीं, देवापुढेंही शब्दांत मांडवत नाहीं, ती या खोलींत बोलली जाते, आणि बोलली गेल्यानेंच हळूहळू हलकी होते. हें बोलणें बाहेर फुटणार आहे अशी नुसती शंका जरी आली, तरी रोगी जें बोलेल तें घरच्यांना ऐकावयास बरें वाटेल तेंच बोलेल. मग उपचार कसला राहिला? तें घरांतलेंच संभाषण पैसे देऊन दुसऱ्या जागीं केल्यासारखें होईल.

या विश्वासांत आणखी एक धोका दडलेला आहे, आणि तो या शास्त्राच्या आद्य पुरुषांच्याच ध्यानांत आला होता. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडनें १९१५ सालीं एका निबंधांत असें दाखवून दिलें कीं, उपचार चालू असतां रोग्याचें मन वैद्यावर जडतें. बापावरची भक्ति, आईवरचा रुसवा, कोणावर तरी करावयाचें राहून गेलेलें प्रेम, हें सर्व तो समोरच्या माणसावर ओतूं लागतो. हें प्रेम वैद्याच्या गुणांना भुलून उपजलेलें नसतें, तें उपचारांतूनच उपजतें. म्हणून वैद्यानें त्याचा स्वतःसाठीं उपभोग घेऊं नये, असें त्याचें सांगणें होतें. सांगणें सोपें होतें. त्याच फ्रॉइडनें १९१८ पासून आपल्या पोटच्या मुलीचें, अ‍ॅनाचें, मनोविश्लेषण स्वतःच केलें. त्याचा सहकारी युंग याचा साबिना स्पीलराइन या आपल्या एकेकाळच्या रोगिणीशीं संबंध वैद्याच्या मर्यादेबाहेर गेला. ज्यांनीं शास्त्र उभारलें त्यांनाच मर्यादा पाळतां आल्या नाहींत. आणि म्हणूनच पुढें त्या लिहून ठेवाव्या लागल्या. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघानें आपली पहिली नीतिसंहिता १९५३ सालीं प्रसिद्ध केली. आज त्या संहितेप्रमाणें चालू रोग्याशीं शरीरसंबंध सर्वथा निषिद्ध आहे, आणि उपचार संपल्यावरही निदान दोन वर्षें तरी तो निषिद्धच आहे. तेथील मनोविकारतज्ज्ञांचा संघ तर याहून कडक आहे; एकदां जो रोगी झाला तो त्यांच्या मतें कायमचाच वर्ज्य.

आपल्याकडे हें शास्त्र लवकरच आलें. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९२२ सालीं कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. परंतु पाश्चात्त्यांची रीत जशीच्या तशी येथें बसेल काय, हा प्रश्न आपल्या तज्ज्ञांनाही पडलाच. १९७३ सालीं डॉ. जसवंतसिंग नेकी यांनीं असें सुचविलें कीं, भारतीय रोगी वैद्याकडे बरोबरीच्या नात्यानें येत नाहीं. तो गुरूकडे शिष्य यावा तसा येतो, आणि या नात्याचा उपचारांत उपयोग करून घेतां येईल. विचार मोठा मार्मिक आहे. मात्र आमच्या मतें त्यांतूनच दुसरी गोष्ट निघते. जेथें समोरचा माणूस आपल्याला गुरु मानतो, तेथें आपली जबाबदारी दुप्पट होते. शिष्याच्या श्रद्धेवर स्वतःचा संसार चालविणारे गुरु आपण थोडे पाहिले आहेत काय?

आतां फराळाच्या डब्याकडे वळूं. आपल्याला वाटतें, चार चकल्या आणि दोन करंज्या घेतल्यानें काय बिघडतें? एका डब्यानें कदाचित् कांहींच बिघडत नाहीं, आणि कांहीं उपचारक एखादें फळ किंवा फूल प्रेमानें घेतातही. परंतु डब्यामागून आमंत्रण येतें, आमंत्रणामागून ओळख वाढते, आणि मग एके दिवशीं "आमच्या मुलाचें कॉलेजांत काम होतें, तुमची ओळख आहे ना?" असा शब्द येतो. उष्टावणाच्या समारंभांत ती बाई आली असती, तर सुनेनें तिला कोणत्या नात्यानें पाहावयाचें? पाहुण्या म्हणून? आणि शेजारच्या बायकांनीं "या कोण?" असें विचारलें असतां काय सांगावयाचें? खरें सांगितलें तर घरचें दुखणें गांवभर होतें, खोटें सांगितलें तर उपचारच खोट्याच्या पायावर उभा राहतो. एका माणसाशीं उपचाराचें नातें असतां दुसरें कोणतेंही नातें जोडूं नये, हा या धंद्याचा मोठा नियम आहे. तें दुसरें नातें सोयरिकीचें असो, उधारीचें असो, शेतीवाडीच्या व्यवहाराचें असो, नोकरीचें असो. म्हणूनच जाणता उपचारक आपल्या आप्तांवर व स्नेह्यांवर उपचार करीत नाहीं, त्यांना दुसऱ्याकडे पाठवितो. आमच्या घरीं जें घडलें तें याच नियमाच्या भंगानें घडलें. तो गृहस्थ दुष्ट नव्हता. तो आमचा स्नेही होता, हाच दोष.

फीचेंही तसेंच. "फी मात्र घेतात" या शब्दांत आमच्या पाहुण्यांना खंवचटपणा दिसला. आम्हांस त्यांत सचोटी दिसते. फी आधींच सांगितलेली असावी, तिची पावती मिळावी, आणि फी दिल्यावर देणेंघेणें तेथेंच संपावें. जेथें फी नाहीं तेथें उपकार येतो, आणि उपकाराच्या ओझ्याखालीं रोग्याला रागावतां येत नाहीं. मनाच्या उपचारांत मात्र वैद्यावर रागावण्याचीही मुभा असावी लागते.

आतां प्रश्न असा कीं, या खोलींत बसण्याचा अधिकार कोणाला? येथें घरोघरीं मोठा घोटाळा आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर असतो. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला आहे, आणि २००२ सालच्या वैद्यकीय नीतिनियमांचें बंधनही त्याला आहे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नसतो. तो मानसशास्त्राचा पदवीधर. आजवर बहुतेकांनीं पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयांत दोन वर्षें प्रत्यक्ष काम शिकून हा अधिकार मिळविला आहे. १९९२ च्या कायद्यानें स्थापिलेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहींत त्याचें नांव असावें लागतें. या लोकांनीं औषधें लिहून देऊं नयेत. आपल्या विद्येच्या अधिकाराबाहेरचा उपचार कोणींही सांगूं नये असें २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट बजावतो. राहिले ते समुपदेशक. यांत चांगलें शिकलेले, वर्षानुवर्षें ज्येष्ठांच्या देखरेखीखालीं काम केलेले लोक आहेत. आणि आठ दिवसांचा वर्ग करून पाटी लावणारेही आहेत. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना नियमांच्या कक्षेंत आणण्यासाठीं संसदेनें २०२१ सालीं वेगळा कायदा केला आहे. परंतु कायद्याच्या पाटीवर विसंबून न राहतां गृहस्थानें स्वतः चौकशी करावी हें बरें. सोनें घेतांना आपण कस लावून पाहतों; येथें तर घरचें माणूस सोंपवावयाचें असतें.

स्वतःच्या विद्येची सीमा ओळखणें हाही नीतीचाच भाग आहे. बाळंतपणानंतर पहिले कांहीं दिवस रडूं येणें हें पुष्कळींच्या बाबतींत घडतें आणि आपोआप ओसरतें. आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, तर तो आजार समजावा. औषध व बोलणें या दोहोंनीं तो बरा होतो. परंतु हजार बाळंतिणींत एकदोघींना असा भयंकर विकार होतो कीं त्यांत भ्रम होतात, नसलेले आवाज ऐकूं येतात, आणि आई व मूल दोघांच्याही जिवास अपाय होऊं शकतो. तेथें नुसत्या संभाषणाचें काम नाहीं; त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें लागतें. अशा वेळीं "माझ्यावर विश्वास ठेवा, मीच बरी करतों" म्हणणारा उपचारक कितीही गोड बोलला, तरी त्याच्यापासून दूर व्हावें. "हें माझ्या कक्षेंतलें नाहीं, यांना अमक्याकडे न्या" असें म्हणणारा खरा जाणता.

आतां गुप्ततेचा मुख्य मुद्दा. जो कायदा आम्हीं वर सांगितला, तो २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याच्या २३ व्या कलमानें मनाच्या रोग्याला आपल्या आजाराविषयींची सर्व माहिती गुप्त राखून घेण्याचा हक्क दिला आहे. ही केवळ उपचारकाची मर्जी नव्हे. नागपूरचें मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. तेव्हांपासून आमच्या विदर्भांत "अमक्याला नागपूरला नेलें" एवढ्या तीन शब्दांनीं किती स्थळें मोडलीं असतील, किती नणंदाभावजयांचे संसार टोमण्यांत गेले असतील, याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. आपल्या घरांत एका कानांतला शब्द दुसऱ्या कानीं जावयास दिवस लागत नाहीं. आजच्या दुखण्यांत बोललेला शब्द दहा वर्षांनीं वाटणीच्या भांडणांत बाहेर येतो. गुप्ततेची गरज पाश्चात्त्यांना जितकी आहे, त्याहून आम्हां एकत्र राहणाऱ्यांना अधिक आहे.

तथापि ही गुप्तता निरपवाद नाहीं. १९६९ सालीं कॅलिफोर्नियांत शिकत असलेल्या पोद्दार आडनांवाच्या एका बंगाली विद्यार्थ्यानें आपल्या उपचारकाला सांगितलें कीं, तातियाना तारासॉफ या मुलीला आपण ठार मारणार. उपचारकानें विद्यापीठाच्या पोलिसांस कळविलें; पोलिसांनीं थोडी चौकशी करून त्याला सोडून दिलें; मुलीला मात्र कोणींच सावध केलें नाहीं, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तिचा खून झाला. १९७६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, दुसऱ्याच्या जिवावर बेतलें असतां गुप्ततेच्या आड दडतां येणार नाहीं. आपल्या कायद्यांतही हे अपवाद आहेत. कोणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याचा संभव असेल, न्यायालयाची आज्ञा असेल, किंवा दुसऱ्या वैद्याला उपचारासाठीं माहिती हवी असेल, तर ती देतां येते. मात्र धोका टाळण्यापुरतीच द्यावयाची, अधिक नाहीं. लहान मुलावरील लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें तो पोलिसांस कळविलाच पाहिजे; तेथें गुप्ततेची सबब चालत नाहीं. चांगला उपचारक हे अपवाद पहिल्याच दिवशीं रोग्याला सांगून ठेवतो. वचन जेवढें पाळतां येईल तेवढेंच द्यावें.

मग घरच्या माणसांनीं काय केवळ दाराबाहेर बसावयाचें? तसें मुळींच नाहीं. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत १९५० नंतरच्या दशकांत डॉ. विद्यासागर यांनीं रोग्यांच्या नातेवाइकांना आवारांत तंबू ठोकून राहावयास लावलें, त्यांना आजार समजावून दिला, आणि त्यामुळें रोगी लवकर घरीं परतूं लागले. कुटुंब हें औषध आहे, हें आपल्या देशानें आधींच ओळखलें होतें. आपला कायदाही रोग्याला आपला प्रतिनिधि स्वतः नेमण्याचा हक्क देतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला कीं पुरतें. तो प्रतिनिधि नवरा असेल, भाऊ असेल, सासूही असेल. आणि त्याच्या कर्तव्यास लागेल तेवढी माहिती त्याला मिळते. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. उपचारकाला सांगण्याचा मार्ग घरच्यांना मोकळा आहे: सून रात्रीं किती वाजतां उठते, जेवते कीं नाहीं, मुलाला घेते कीं नाहीं, हें आपण अवश्य सांगावें. प्रामाणिक उपचारक तें ऐकेल, आणि "घरच्यांनीं मला असें सांगितलें" हें रोग्यापासून लपवून ठेवणार नाहीं. परंतु आंतलें बाहेर आणण्याचा मार्ग रोग्याच्या संमतीनेंच उघडतो. दार एकच आहे. आंत जाण्यास आणि बाहेर येण्यास परवाने वेगळे आहेत.

खेड्यांतली अडचण आणखी निराळी. हिंगणीसारख्या गांवांत कोण कोणाकडे गेलें हें चहाच्या टपरीवर आधीं कळतें. आणि जे शिकलेले उपचारक आहेत ते बहुतेक वर्ध्याला नाहींतर नागपूरला. एका दिवसाची मजुरी बुडवून तेथें जाणें किती जणांना परवडतें? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं गांजलेल्या आमच्या विदर्भांत ३० गांवांमध्यें "विश्राम" नांवाचा उपक्रम झाला. त्यांत गांवांतल्याच साध्या माणसांना शिकवून उदासीच्या रोग्यांपर्यंत पोंचविलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें, उपचाराचा लाभ घेणाऱ्या अशा रोग्यांचें प्रमाण शेंकडा ४ वरून शेंकडा २७ पर्यंत गेलें. ही गोष्ट मोठ्या आशेची आहे. मात्र जेथें उपचारकच शेजारचा, तेथें दुसरें नातें कसें टाळावयाचें? तेथें तें टळत नाहीं. म्हणून तें उघड बोलून ठेवावें लागतें. "वाटेंत भेटलों तर मी आधीं ओळख दाखविणार नाहीं, तुम्ही दाखविली तर दाखवीन" एवढा साधा करार पहिल्या भेटींत झाला, तरी पुष्कळ संकोच वांचतो. ज्यांना कोठेंच जातां येत नाहीं त्यांच्यासाठीं १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें १४४१६ हा फोन क्रमांक चालू केला आहे. तेथें विनामूल्य बोलतां येतें, आणि मराठींतही बोलतां येतें.

आमच्या वाचकांनीं घरच्या कोणालाही अशा उपचारासाठीं नेण्यापूर्वीं चार प्रश्न मनांत धरावे. यांचें शिक्षण काय आणि नोंदणी कोठें? फी किती आणि किती वेळाची? गुप्तता कोठपर्यंत? आणि यांना जमलें नाहीं तर हे कोणाकडे पाठवितील? हे प्रश्न विचारल्यानें चांगला उपचारक रागावत नाहीं. जो रागावतो, जो खात्रीनें बरें करण्याची हमी देतो, जो बऱ्या झालेल्या रोग्यांचे फोटो जाहिरातींत छापतो, जो वेळीं अवेळीं घरीं बोलावितो, जो घरच्यांविरुद्ध रोग्याचे कान भरतो किंवा रोग्याविरुद्ध घरच्यांचे, त्याच्या पायरीवरून परत फिरावें. आणि उपचारकाच्या वागण्यांत अंगलगटीचा संशय जरी आला, तरी "आपलाच गैरसमज असेल" असें म्हणून मुलीबाळींना गप्प बसवूं नये. तेथें लाज वाटावयाची ती उपचारकाला, रोग्याला नव्हे.

हें सारें आम्हीं त्या सायंकाळीं इतक्या विस्तारानें सांगितलें नाहीं. आमच्या पुतण्याची गोष्ट ऐकून झाल्यावर आमचे पाहुणे बराच वेळ बोर नदीच्या दिशेनें पाहत बसले होते. मग त्यांनीं तांब्यांतलें पाणी घेतलें. "म्हणजे मीं विचारूंच नये?" त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, "काय बोलतेस तें विचारूं नये. बरें वाटतें का, एवढें विचारावें."

पंधरा दिवसांनीं ते पुन्हां आले. त्यांनीं तेवढेंच विचारलें होतें. सून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "थोडें थोडें वाटतें, बाबा." आणि मग गेल्या तीन महिन्यांत पहिल्यानेंच तिनें आपण होऊन कांहीं मागितलें: "पुढच्या गुरुवारीं तुम्हीच मला सोडावयास याल का?" आतां दर गुरुवारीं ते नातवाला मांडीवर घेऊन वर्ध्यास त्या दवाखान्याबाहेरच्या बांकावर पन्नास मिनिटें बसतात. आंत काय चालतें तें त्यांना ठाऊक नाहीं. "परंतु ती बाहेर येते तेव्हां प्रथम मुलाकडे पाहते," ते आम्हांला म्हणाले. आम्हीं त्यांना आणखी कांहीं विचारलें नाहीं.